उन्हाळी ओलितात ठिबकचा दाब कमी पडल्यास

वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यात आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या फुलोऱ्याची) फळे झाडावर असतानाच एप्रिल-मे महिन्यांत विहिरींची पातळी खाली जाते आणि शेवटच्या ओळींतील संत्र्याच्या झाडांना पाणी पोहोचेनासे होते. अशा वेळी मोटारीवर खर्च करण्याआधी फिल्टरच्या अलीकडील व पलीकडील दाब गेजवर पाहावा. गेज नसेल तर आधी तो बसवून घ्यावा.

दोन्ही आकड्यांतील फरक दर चौरस सेंटिमीटरला ०.५ किलोच्या आसपास गेला असेल, तर फिल्टर तुंबला आहे. वाळूच्या फिल्टरला बॅकवॉश द्यावा, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून तो धुवावा, आणि जाळीचा फिल्टर उघडून जाळी उजेडासमोर धरून पाहावी, कारण फाटलेल्या जाळीतून पाणी सहज जात असल्याने गेज सारे आलबेल दाखवतो आणि गाळ मात्र थेट नळ्यांत उतरत राहतो. अशी जाळी बदलावीच.

दोन्हीकडे दाब कमी असल्यास फिल्टरपुढील व्हॉल्व्ह थोडा वेळ अर्धवट बंद करावा. दाब नेहमीच्या पातळीवर आला, तर पुढे गळती आहे किंवा एकाच वेळी जास्त व्हॉल्व्ह उघडले आहेत. काळ्या जमिनीत उन्हाळ्यात पडलेल्या भेगा फुटलेल्या पाइपचे पाणी गिळून टाकतात व वर ओल दिसत नाही, म्हणून मोटार चालू ठेवून सबमेनच्या (नळ्यांना पाणी पुरवणाऱ्या जमिनीखालच्या पाइपच्या) कडेने सावकाश चालावे आणि सांध्यांजवळ फुसफुस ऐकू येते का, याकडे लक्ष द्यावे. उंदीर-खारींनी कुरतडलेल्या नळ्याही तेव्हाच सापडतात.

दाब तरीही चढला नाही, तर व्होल्टेज, फूटव्हॉल्व्ह (विहिरीतील पाइपच्या तळाची झडप) आणि सक्शन पाइपमधून, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपमधून, हवा शिरते का, हे तपासावे. विहिरीलाच पाणी कमी असेल तर दुरुस्तीने काही साधत नाही. बागेचे लहान भाग पाडून पाळीपाळीने ओलित करावे.

दाब पुरेसा असूनही तोट्या मंद टपकत असतील, तर नळ्यांची टोके एकेक करून उघडावीत व स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्यावीत. तोटीवर पांढरा थर असल्यास आम्ल प्रक्रिया करावी लागते, म्हणजे आम्ल मिसळलेले पाणी नळ्यांतून सोडून तो थर विरघळवावा लागतो. त्या वेळी आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये. तसेच ब्लिचिंग पावडरशी त्याचा संपर्क येऊ देऊ नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.