ठरलेल्या पेन्शनीत घर कसं चालवायचं: एका स्टोअरकीपरची पद्धत

चिंचवडच्या एका इंजिनिअरिंग कंपनीच्या स्टोअरमध्ये माझी सगळी नोकरी झाली. काय किती शिल्लक आहे, किती लागणार आणि कधी मागवायचं, हे सांभाळणं हेच काम. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो. ईपीएस-९५ ची, म्हणजे कंपनीतल्या नोकरदारांना प्रॉव्हिडंट फंडाच्या कार्यालयाकडून मिळणारी पेन्शन महिना २,८४० रुपये. पहिल्या महिन्यात जेवढी आली तेवढीच आजही येते, कारण या पेन्शनीला महागाई भत्ता नाही. फंड आणि ग्रॅच्युइटीचे १५ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी ठेवलेत, त्याचे तिमाहीला ३०,७५० येतात. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत आम्हा दोघांच्या नावावर ९ लाख आहेत, त्याचे ७.४ टक्क्यांनी महिना ५,५५०. म्हणजे महिन्याला साडेअठरा हजारांच्या आसपास. घर स्वतःचं आहे, कर्ज नाही, घरात आम्ही दोघंच.

यात भागतं. पण आपोआप भागत नाही, भागवावं लागतं. ज्येष्ठ नागरिक संघात मित्र विचारतात, म्हणून सगळी पद्धत एकदा नीट लिहून काढतो आहे.

आधी ए वर्ग शोधा

खर्च कमी करायचा म्हटलं की माणूस भाजीवाल्याशी घासाघीस सुरू करतो. तिथून सुरुवात करू नका. स्टोअरमध्ये आम्ही मालाचे ए, बी, सी असे तीन वर्ग करायचो. ए वर्गात वस्तू थोड्या, पण सगळ्यात जास्त पैसा त्यांच्यात अडकलेला. सी वर्गात वस्तू शेकड्यांनी आणि किंमत किरकोळ. लक्ष द्यायचं ते ए वर्गावर.

घराचंही तसंच करता येतं. गेल्या बारा महिन्यांचं पासबुक आणि सापडतील तेवढी बिलं घेऊन बसा. एका वहीत प्रत्येक खर्चाला एक पान द्या आणि बेरीज वर्षाची करा, महिन्याची नको. महिन्याच्या आकड्यात मोठे खर्च लपून राहतात. आमच्या वहीत सगळ्यात वर औषधं-तपासण्या आल्या, मग किराणा, मग दूध, मेडिक्लेमचा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स आणि वीज-गॅस. रोज लिटरभर दूध म्हणजे वर्षाला बावीस-तेवीस हजार होतात, हे कागदावर आल्याशिवाय कोणाच्या ध्यानात येत नाही. कोथिंबिरीच्या जुड्यांचे वर्षाचे हजार रुपयेही झाले नाहीत. म्हणून आमच्याकडे कोथिंबिरीवरून कधी वाद होत नाही.

तुमच्या वहीतला क्रम वेगळा असेल. कोणाकडे पेट्रोल वर येईल, कोणाकडे नातवंडांना पाठवायचे पैसे. वरची पाच-सहा पानं तेवढी पकडा, बाकीची तूर्त सोडा.

वर्षाचे खर्च महिन्यात आणा

ठरलेलं उत्पन्न मोडतं ते वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांनी. मालमत्ता कर, मेडिक्लेम, दिवाळी, लग्नसराईतले आहेर, गाडीचा विमा, पंप किंवा फ्रिज बिघडला तर दुरुस्ती. या सगळ्यांची बेरीज करून बाराने भागा आणि तेवढी रक्कम दर महिन्याला वेगळ्या बचत खात्यात टाका. त्या खात्याचं एटीएम कार्ड पाकिटात ठेवू नका. आमची ही रक्कम महिना पाच हजारांच्या घरात जाते. म्हणजे साडेअठरा हजार हे उत्पन्न नव्हेच, साडेतेराच हातात आहेत असं धरून घर चालवायचं. हे मान्य करायला जड जातं, पण एकदा केलं की मार्च आणि ऑक्टोबर सुखाने जातात. पैसे आधीच बाजूला असले की मालमत्ता कर मुदतीआधी भरून सवलतही पदरात पडते.

ज्येष्ठ नागरिक योजनेचं व्याज १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर आणि १ जानेवारीला जमा होतं. एकदम तीस हजार दिसले की खर्च सुचतात. ते तीन भागांत फोडा आणि महिन्याला एकच भाग घरखर्चाच्या खात्यात येऊ द्या.

औषधं

यावर सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण इथे पैसाही जास्त आहे आणि चुकलं तर नुकसानही मोठं.

मला रक्तदाब आहे, हिला रक्तदाब आणि साखर दोन्ही. या गोळ्या जन्माच्या सोबतीच्या. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की आमचं उत्पन्न ठरलेलं आहे, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून द्या. मूळ नाव म्हणजे अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन असं, कंपनीचं नाव नव्हे. ती चिठ्ठी घेऊन जनऔषधी केंद्रात, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या दुकानात जा. तीच औषधं तिथे निम्म्याहून कमी किमतीत मिळतात, काही तर त्याहूनही बरीच स्वस्त. मात्र स्वतःच्या मनाने बदल करू नका. नाव आणि मिलिग्रॅम दोन्ही चिठ्ठीशी जुळवून घ्या. लांब परिणाम करणाऱ्या गोळ्यांच्या नावापुढे एसआर किंवा ईआर अशी अक्षरं असतात, तीही जुळली पाहिजेत. बदल केल्यावर महिनाभराने रक्तदाब आणि साखर तपासून डॉक्टरांना दाखवा. आमचे आकडे पूर्वीसारखेच राहिले तेव्हाच हिने कायमचा बदल मान्य केला, आणि ते बरोबरच होतं.

एखादं औषध केंद्रात संपलेलं असतं, म्हणून पंधरा दिवसांच्या गोळ्या घरात उरल्या की लगेच पुढची खरेदी करा. स्टोअरच्या भाषेत ही मिनिमम लेव्हल. पण दोन महिन्यांपेक्षा जास्त साठा नको, कारण डॉक्टर मात्रा बदलतात आणि पाकिटं तशीच पडून राहतात. ज्याची मुदत आधी संपते ते पाकीट पुढे ठेवायचं. तपासण्यांसाठी महापालिकेच्या रुग्णालयात जाऊन दर विचारा. सकाळी रांगेत थांबावं लागतं, आपल्याला तेवढा वेळ असतो.

आणि एक कळकळीने सांगतो. महिनाअखेरीला पैसे कमी पडले म्हणून एक दिवसाआड गोळी घेणारी माणसं मी पाहिली आहेत. तसं करू नका. त्यापेक्षा वाण्याची उधारी परवडते.

मेडिक्लेमचा हप्ता वाढत जातो म्हणून पॉलिसी सोडावीशी वाटते. सोडण्याआधी दोन गोष्टी बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी शून्य झाला, तो पूर्वी १८ टक्के होता. नूतनीकरणाच्या कागदावर तो लावलेला नाही ना, हे तपासा. दुसरं, घरात कोणी सत्तर पूर्ण केलेलं असेल तर त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या. ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे, उत्पन्नाची अट नाही आणि वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयांत होतात. खाजगी मेडिक्लेम असला तरी हे कार्ड निघतं. माझ्या थोरल्या भावाचं आम्ही आधार कार्डावर काढलं. आपल्या गावाजवळचं कोणतं रुग्णालय यादीत आहे, हे मात्र तब्येत ठणठणीत असतानाच विचारून ठेवा.

धान्य आणि किराणा

पूर्वी घरोघर वर्षाचं धान्य भरायचे. आता दोघांच्या घरात सगळंच वर्षाचं भरण्यात अर्थ नाही, पण हंगाम ओळखून खरेदी करण्यात आहे. नवा गहू मार्च-एप्रिलमध्ये येतो. आम्हाला वर्षाला ऐंशी किलो पुरतो, तो उन्हाळ्यात घेतो, कडक उन्हं देतो आणि कोठीत कडुलिंबाचा पाला घालतो. नवी तूर जानेवारी-फेब्रुवारीत बाजारात येते, त्यानंतर डाळीचा भाव बहुधा बरा असतो, तेव्हा चार-पाच महिन्यांची भरतो. त्याहून जास्त भरली तर पावसाळ्यात पोरकिडे होतात आणि वाचवलेले पैसे त्यात जातात. उन्हाळी कांदा टिकतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये एक गोणी घेऊन हवेशीर जागी पसरून ठेवतो. दिवाळीच्या आधी कांद्याचा भाव चढतो तेव्हा ती गोणी कामाला येते. शेंगदाणे आणि तेल मात्र साठवत नाही, खवट होतं.

मोठी खरेदी एकट्याने करू नका. आमच्या मजल्यावरची तीन घरं मिळून मार्केट यार्डच्या भुसार बाजारातून गहू-तांदूळ आणतात, टेम्पोचं भाडं वाटून घेतात. एका घरासाठी ती फेरी परवडली नसती.

स्वयंपाकघरात डब्यांच्या कपाटाला आतून एक कार्ड चिकटवलं आहे, आमच्या स्टोअरचं बिन कार्ड. डबा निम्म्यावर आला की त्यावर खूण करायची आणि खूण असलेल्याच वस्तू दुकानात मागायच्या. ‘एकावर एक फ्री’ बघून आणलेली वस्तू कार्डावर नसते, त्यामुळे ती घरात येत नाही.

वीज, गॅस, प्रवास

महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटच्या पुढे दर जवळपास दुपटीने वाढतो. म्हणून वाचवायची ती शंभरच्या वरची युनिटं. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा ३० च्या आसपास. रोज बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिटं वाचतात. सगळे पंखे बदलायची गरज नाही, बैठकीतला आणि झोपायच्या खोलीतला पुरे. दोन हजार वॅटचा गीझर अर्ध्या तासात एक युनिट संपवतो, तेव्हा आंघोळी एकापाठोपाठ उरका. गॅससाठी कडधान्यं भिजवणं आणि एकाच कुकरात वरण-भात-भाजी लावणं, हे बायकांना मी सांगायला नको. पुरुषांनी मात्र दुपारचा तिसरा चहा सोडावा.

एसटीत पासष्ट पूर्ण झालेल्यांना अर्धं तिकीट आणि पंच्याहत्तर पूर्ण झालेल्यांना मोफत प्रवास आहे. बायकांना मार्च २०२३ पासून कोणत्याही वयात अर्धं तिकीट. आम्ही दोघं मिळून एका तिकिटात गावाला जातो. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, ती पुन्हा सुरू झालेली नाही.

जास्त व्याजाच्या मागे लागू नका

भागत नाही असं वाटलं की कोणीतरी अकरा-बारा टक्के देणारी जागा सुचवतं. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेत पाच लाखांपर्यंत विमासंरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण लागू नाही. या वयात गेलेली मुद्दल परत कमावता येत नाही, म्हणून ओळखीचा माणूस असला तरी नाही म्हणा.

उलट, आज मिळणारं सगळं व्याज खर्चू नका. महागाई सहा टक्के धरली तर बारा वर्षांत वस्तूंचे भाव दुप्पट होतात आणि आपले साडेअठरा हजार साडेअठराच राहतात. आम्ही महिना हजार-दीड हजार तरी परत आवर्ती ठेवीत टाकतो. ज्यांना पाचशेच जमतील त्यांनी पाचशे टाकावेत. निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षांत हात-पाय चालतात आणि औषधं कमी असतात, तेव्हाच हे जमतं.

मुलांशी बोलणं

आपल्याकडे आई-बाप मुलापुढे हात पसरणार नाहीत आणि मुलाला कमी-जास्त काही कळणार नाही. दोन्हीकडे चांगली माणसं असूनही अवघडलेपण राहतं. आम्ही वही मुलापुढे ठेवली. ‘महिन्याला काही पाठवत जा’ असं म्हटलं नाही. एकच बिल त्याच्या नावावर केलं, मेडिक्लेमचा हप्ता. तो थेट भरतो. त्याला किती आणि कशासाठी हे माहीत आहे आणि आम्हाला दर महिन्याला आठवण करावी लागत नाही.

आहेराचं हिने ठरवून टाकलं. सख्ख्यांना एक रक्कम, बाकी सगळ्यांना दुसरी, आणि समोरच्याने आपल्याला काय दिलं होतं ते बघायचं नाही. पहिल्या लग्नसराईत एक-दोघांनी नाकं मुरडली असतील. जेवायला मात्र सगळे प्रेमाने वाढतात.

दूध, फळं, वर्तमानपत्र आणि ज्येष्ठ नागरिक संघाची वर्गणी आम्ही कापली नाही. भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा पगारही दरवर्षी वाढवतो. महागाई त्यांच्या घरातही आहे, आणि त्यांना तर पेन्शन नाही.

शेवटचं काम कागदांचं

दोघांपैकी एक आधी जाणार. मी गेलो तर ईपीएसची पेन्शन हिला निम्मी मिळेल, घराचे खर्च मात्र निम्मे होणार नाहीत. मेंटेनन्स तेवढाच, पंखा तेवढाच. म्हणून वहीत एक पान एकटीच्या खर्चाचं आणि उत्पन्नाचं लिहून ठेवलं आहे आणि ते आम्ही दोघांनी बसून लिहिलं. ज्येष्ठ नागरिक योजनेत जोडीदार संयुक्त खातेदार किंवा एकमेव वारस असेल तर खातं पुढे चालू ठेवता येतं, तेव्हा वारस नोंद आजच तपासा. पेन्शनच्या खात्यातही जोडीदाराचं नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणेच हवी. ईपीएसवाल्यांना हयातीचा दाखला वर्षातून कधीही देता येतो आणि तो दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो. त्यासाठी नोव्हेंबरची गर्दी गाठायची गरज नाही. फोनवरून चेहरा दाखवून जीवन प्रमाण काढता येतं. ते एकदा जोडीदाराच्या हातून करून घ्या, म्हणजे पासवर्ड कुठे आहे, पासबुक कोणत्या डब्यात आहे आणि पोस्टात कोणत्या खिडकीवर जायचं, हे त्यांनाही ठाऊक राहील.