गेटियरचं उदाहरण स्वतः कसं रचायचं

गोष्ट खरी आहे, आपण ती खरी मानतो आणि तसं मानायला चांगला आधारही आहे. एवढ्यावर ‘मला ठाऊक आहे’ म्हणता येतं का? तत्त्वज्ञ एडमंड गेटियर यांनी 1963 मध्ये अवघ्या तीन पानांच्या लेखात ‘नाही’ असं दाखवलं. त्यांची उदाहरणं पाठ होतात, पण प्रश्न कळतो तो स्वतः एखादं रचल्यावर.

आधी विधान नेमकं करा. ‘पाणी वाढलंय’ चालणार नाही. ‘आज संध्याकाळी सहाला सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 40 फूट आहे’ हे चालेल. 40 ही इशारा पातळी, 45 धोक्याची, त्यामुळे या आकड्यावर घरं हलतात.

मग आधार द्या. बहुतेक उदाहरणं इथेच फसतात. कुठून तरी आलेला फॉरवर्ड कच्चा. तो खरा निघाला तरी वाचक म्हणतो, याला आधारच नव्हता. समजा, सांगलीवाडीचा भाचा रोज पुलावरच्या मोजपट्टीचा ताजा फोटो कर्नाळ रोडच्या मामांना पाठवतो आणि आजवर कधी चुकलेला नाही. आज सहाला फोटो आला, पट्टीवर 40. मामा धान्याची पोती माडीवर चढवायला लागले.

आता दुवा तोडा. फोटो मागच्या वर्षीचा होता. मात्र भाच्यानं पट्टी पाहून नुसता फोटो चुकीचा निवडला असेल, तर आजची पातळी त्याच्यामार्फत मामांपर्यंत पोचलीच आणि उदाहरण कोसळलं. म्हणून भाचा आज तापानं घरी झोपलेला ठेवा. धाकट्या बहिणीनं फोनशी खेळताना जुना फोटो गेला. शेवटी वेगळ्याच वाटेनं विधान खरं करा: कोयनेतून सोडलेलं पाणी पोचून सहाला पातळी खरंच 40 झाली. मामांचं म्हणणं खरं, आधारही चांगला, तरी त्यांना ठाऊक होतं असं कुणी म्हणणार नाही.

आठव्या शतकातले बौद्ध आचार्य धर्मोत्तर यांचं उदाहरण याच घडणीचं आहे: नुकत्याच पेटवलेल्या विस्तवावर घोंघावणाऱ्या माश्यांना दुरून धूर समजून ‘तिथे अग्नी आहे’ असं ठरवणारा माणूस.

रचून झालं की ‘ठाऊक असणं’ याच्या व्याख्येची दुरुस्ती करून बघा. पहिला उपाय: समजूत खोट्या पायरीवर उभी नको. मामांची पायरी होती ‘हा आजचा फोटो’, म्हणून ते बाद. पण समजा, पुरानंतर दहा घाटांवर फुटांच्या खुणा नव्यानं रंगवल्या, नऊ चुकल्या आणि एकानं नेमकी बरोबर असलेली वाचली. खोटी पायरी कुठेच नाही, नशीब मात्र आहे. आल्विन गोल्डमन यांनी 1976 मध्ये चर्चेत आणलेल्या खोट्या कोठारांचाच हा साचा: रस्त्यालगत कोठारांचे नुसते दर्शनी देखावे, त्यांत एकच खरं कोठार आणि पाहणाऱ्याची नजर नेमकी त्यावर. यावर मतं फुटतात, म्हणून सुरुवात यानं करू नका.

रॉबर्ट नोझिक यांची 1981 ची कसोटी जास्त धारदार: पातळी 40 नसती, तरी त्यानं तसंच मानलं असतं का? मामांनी मानलं असतं. घाटावरच्या माणसानं नाही. त्याला त्याच खुणांवर दुसरा आकडा दिसला असता, म्हणून तो सुटतो.

सत्य, समजूत आणि आधार या तीन अटींना चौथी कोणतीही जोडा, आधार आणि सत्य यांत फट उरली की याच पायऱ्यांनी नवं उदाहरण निघतं, असं लिंडा झॅगझेब्स्की यांनी 1994 मध्ये मांडलं. फट पुरती बुजवायची तर आधार असा हवा की त्यासोबत समजूत खोटी असूच शकणार नाही. मग ताजा, खरा फोटो पाहणारे मामांनासुद्धा ‘ठाऊक आहे’ म्हणता येत नाही.