अरुंद घरातील सायकल : आधी तिची रुंदी कमी करावी

घरात सायकल ठेवायची म्हटले की आपण तिच्या लांबीचा विचार करतो. प्रत्यक्षात वाट अडते ती रुंदीमुळे. साधारण १७५ सेंटीमीटर लांबीची सायकल भिंतीलगत सहज मावते, परंतु ६० ते ७० सेंटीमीटर रुंदीचे हँडल येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कमरेला लागते आणि बाहेर आलेले पायडल नडगीला. म्हणून भिंतीवर हूक ठोकण्यापूर्वी या दोहोंचा बंदोबस्त करावा.

पायडलपासून सुरुवात करणे उत्तम. घडीचे पायडल दुमडले की क्रँकला, म्हणजे ते ज्या दांडीवर बसवलेले असते तिला, चिकटून बसते. जपानच्या एमकेएस कंपनीचे ‘ईझी सुपीरियर’ पायडल तर हत्याराविना निघते. क्रँकजवळचे कडे फिरवून आत दाबले की ते हातात येते. जुने पायडल काढण्यासाठी बहुधा १५ मिलीमीटरचा पान्हा लागतो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे अनेकांना ठाऊक नसते आणि तेथेच नको तितका जोर लावला जातो. खूण सोपी आहे : पान्ह्याची दांडी वरच्या दिशेला ठेवून मागच्या चाकाकडे ओढली की दोन्ही बाजूंचे पायडल सुटते. नवे बसवताना आट्यांना ग्रीस लावावे आणि पहिले तीन-चार फेरे बोटांनीच द्यावेत. बोटांना ते जड गेले, तर पायडल तिरपे लागले आहे किंवा बाजू चुकली आहे असे समजून लगेच थांबावे, कारण ॲल्युमिनियमच्या क्रँकचे आटे फार लवकर कापले जातात.

सायकल पावसाळाभर ठेवून द्यायची असेल, तर हँडलला सायकलशी जोडणाऱ्या स्टेमला बाजूने दोन बोल्ट असल्यास ते सैल करून हँडल काटकोनात वळवावे. वरच्या टोपीच्या बोल्टला मात्र हात लावू नये. त्यावर बेअरिंगचा ताण ठरलेला असतो. ब्रेकच्या वायरी ताणल्या जात नाहीत ना, हेही पाहावे. रोज वळवायचे असेल, तर त्यासाठीच बनवलेला फिरता स्टेम घ्यावा. रोज बोल्ट सैल करणे मला धोक्याचे वाटते. हँडल सरळ केल्यावर पुढचे चाक गुडघ्यांत घट्ट धरून हँडल हलते का, हे तपासल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नये.

एवढे केल्यावर हूक निवडावा. चाक अडकवून उभी टांगलेली सायकल भिंतीपासून जवळजवळ एक मीटर पुढे येते. बिजागरीचा हूक असेल, तर ती दारासारखी भिंतीकडे वळवता येते. सायकलचे वजन १२ ते २० किलो धरावे आणि गिलाव्यावर विसंबून न राहता विटेत किंवा काँक्रीटमध्ये पक्के भोक पाडावे. पोकळ किंवा हलक्या ब्लॉकची भिंत असल्यास त्यासाठीच मिळणारे अँकर वापरावेत.

हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, डिस्क ब्रेकची सायकल उभी टांगल्यास तेलात राहिलेली हवा नळीत शिरू शकते. अशी सायकल खाली उतरवल्यावर ब्रेकचे दांडे काही वेळा दाबून पाहावेत. ते मऊ लागले, तर ब्रेकमधील हवा काढून घेईपर्यंत सायकल चालवू नये.