डांबरी आणि कच्चा, दोन्ही रस्त्यांसाठी इलेक्ट्रिक सायकल घेताना या चुका टाळा

पुण्याच्या आसपास राहणाऱ्या सायकलस्वाराला सलग एकाच प्रकारचा रस्ता क्वचितच मिळतो. डांबर सोडून एखाद्या पाणंदीला लागले की मुरूम, सुटी खडी आणि ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या सुरू होतात, आणि पावसाळ्यात त्यांत चिखलाची भर पडते. दुकानात मात्र बोलणे होते ते दोनच आकड्यांवर: मोटर किती वॅटची आणि एका चार्जमध्ये किती किलोमीटर. या दोन आकड्यांवर निवडलेली सायकल डांबरावर बहुधा समाधान देते. कच्च्या रस्त्यावर कस लागतो तो टायर, ब्रेक, गिअर आणि मागच्या चाकाच्या बांधणीचा.

जाहिरातीतल्या किलोमीटरवर विसंबणे

रेंजचा आकडा सपाट रस्ता, हलका स्वार आणि सर्वांत कमी असिस्ट (मोटरची मदत) गृहीत धरून दिलेला असतो. त्याऐवजी बॅटरीचे व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार करावा; त्यातून बॅटरीतली एकूण ऊर्जा वॅट-तासांत कळते. ३६ व्होल्ट, ७.८ अँपिअर-तास म्हणजे सुमारे २८० वॅट-तास. आता स्वार आणि सायकल मिळून १०० किलो वजन ६०० मीटर उंच चढवायचे, म्हणजे साधारण सिंहगडाचा घाट, तर केवळ चढासाठी १६३ वॅट-तास लागतात. मोटर आणि कंट्रोलर (मोटरला वीज पुरवणारा नियंत्रक) यांमधली घट धरली की हा आकडा दोनशेच्या पुढे जातो. सगळा भार मोटरवर टाकला तर बॅटरीचा जवळपास तीन चतुर्थांश भाग एकाच चढात संपेल. मऊ मातीत चाक रुतत असल्याने तिथला खर्च आणखी वाढतो. चढाचा आणि कच्चा रस्ता रोजचा असेल, तर ४०० वॅट-तासांच्या खाली न जाणे बरे.

वॅटची तुलना करत बसणे

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरला मोटरची मदत थांबणारी सायकल मोटार वाहनात गणली जात नाही, म्हणून तिला नोंदणी किंवा परवाना लागत नाही. त्यामुळे बाजारातील बहुतेक सायकलींवर २५० हाच आकडा दिसतो आणि त्यावरून काहीच ठरत नाही. विचारायचा आकडा टॉर्कचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या जोराचा; तो न्यूटन-मीटरमध्ये देतात. ‘अनलॉक करून देतो, चाळीसने पळेल’ असे सांगणाऱ्या दुकानदाराला नम्रपणे नकार द्यावा, कारण तशी सायकल कायद्याच्या दृष्टीने विनानोंदणी, विनाविमा दुचाकी ठरते.

चाकाच्या मध्यभागी बसवलेली हब मोटर थेट चाक फिरवते आणि सायकलच्या गिअरचा तिला उपयोग होत नाही. खडीच्या उभ्या चढावर वेग खूप खाली आला की वीज फिरण्यापेक्षा तापण्यातच अधिक खर्ची पडते. पेडलजवळ बसवलेली मिड-ड्राइव्ह मोटर गिअरमधून जोर लावते, म्हणून अशा चढावर ती सरस ठरते; परंतु ती महाग असते आणि चेन लवकर झिजवते. माझ्या मते रोजच्या वाटेत असा चढ नसेल, तर ४० न्यूटन-मीटरच्या आसपासची आतमध्येच स्वतःचे गिअर असलेली हब मोटर आणि मागे मोठे दातेचक्र एवढे पुरेसे आहे.

सेन्सरकडे मात्र फारच थोडे ग्राहक लक्ष देतात. साधा सेन्सर पेडल फिरते आहे एवढेच ओळखतो आणि मोटरचा जोर एकदम सोडतो. डांबरावर त्याची मजा वाटते, सुट्या खडीवर मागचे चाक घसरते. टॉर्क सेन्सर पायाच्या दाबाप्रमाणे जोर देतो. चाचणी फेरी दुकानासमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर न घेता जवळच्या एखाद्या उखडलेल्या तुकड्यावर, थांबलेल्या स्थितीतून सुरुवात करून घ्यावी.

चार इंची टायरचा मोह

फॅट टायर वाळूसाठी उत्तम आहेत. मुरूम आणि डांबर अशा मिश्र वाटेवर ते जड पडतात, घरघरतात आणि बॅटरी खातात. उलट ३५ मिलिमीटरचा अरुंद टायर चाकोरीत अडकतो. मधली निवड म्हणजे पावणेदोन ते सव्वादोन इंच रुंदीचा, मध्ये जवळजवळ सपाट आणि कडेला गाठी असलेला टायर. सव्वादोनच्या जवळचा टायर घेतला, तर हवा ३० ते ४० पीएसआयमध्ये ठेवता येते. साठ-सत्तर भरून खडीवर गेल्यास सायकल उड्या मारते आणि पकड सुटते. टायरच्या बाजूवर छापलेली मर्यादा मात्र पाहावी.

टायर आणि फ्रेम यांमध्ये किमान एक बोट जाईल एवढी फट हवी. देशावरची काळी माती भिजली की टायरला थर चढत जातो, मडगार्डच्या आत गच्च बसतो आणि काही अंतरावर चाक फिरेनासे होते. अशा वेळी थ्रॉटल पिळून चाक फिरवण्याचा प्रयत्न केल्यास मोटर आणि कंट्रोलर दोन्ही तापतात. उतरून काटकीने चिखल काढणे हाच मार्ग आहे.

ब्रेक आणि मागच्या चाकाची चौकशी न करणे

वीस-पंचवीस किलोच्या सायकलला उतारावर थांबवण्यासाठी दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आवश्यक आहेत. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, चांगले, पण तालुक्याच्या ठिकाणी त्यांचे काम करणारा मिस्त्री मिळेलच असे नाही. म्हणून दूर जाणाऱ्याने तारेचे डिस्क ब्रेक घेतल्यास ती तडजोड वाईट नाही. सस्पेन्शन पुढच्या फोर्कला असले की पुरते. मागचे स्वस्त सस्पेन्शन केवळ वजन वाढवते.

खरी परीक्षा पंक्चरच्या वेळी होते. हब मोटरचे चाक काढण्यासाठी वायरचा कनेक्टर सोडवावा लागतो, आसावरचे जाड नट बहुधा १८ मिलिमीटरच्या पान्याने उघडावे लागतात, आणि आस फिरू न देणारे वॉशर त्याच क्रमाने परत बसवावे लागतात. ते उलटे बसले तर मोटरच्या जोराने आस फिरून वायर तुटू शकते. विक्रेत्याला हे चाक आपल्यासमोर काढून परत लावायला सांगावे. तो टाळाटाळ करू लागला तर पुढच्या सेवेचा अंदाज तिथेच येतो.

अडचण आल्यास आधी काय पाहावे

खड्ड्यात आपटल्यावर मोटर क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होत असेल, तर बहुधा बॅटरी तिच्या खोबणीत हलत असते. लॉक आणि संपर्कपट्ट्या तपासाव्यात. चिखलातून आल्यावर मोटर अजिबात चालत नसेल, तर ब्रेकचे लिव्हर पूर्ण मागे येते का ते पाहावे, कारण ते किंचित दाबलेले राहिले तरी कट-ऑफ स्विच मोटरला वीज मिळू देत नाही. असिस्ट मध्येच येते आणि जाते, तेव्हा पेडलजवळच्या चुंबकांच्या चकतीवर माती बसली आहे का, किंवा सेन्सर तिच्यापासून सरकला आहे का, हे बघावे. मागून टिकटिक आवाज येत असेल तर स्पोक ढिले झाले असावेत. जड मोटरमुळे मागच्या चाकाचे स्पोक लवकर सैल होतात, म्हणून पहिल्या काही आठवड्यांतच स्पोक आवळून चाकाचे आउट (वाकडेपणा) काढून घ्यावे.

धुताना प्रेशर वॉशर वापरू नये, कारण आसाजवळून आणि कनेक्टरमधून पाणी आत शिरते; ओल्या फडक्याने पुसून कनेक्टर कोरडा करावा. घाटातून तापून आलेली बॅटरी लगेच चार्जरला न लावता थंड होऊ द्यावी, आणि पावसाळ्यात सायकल महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरी निम्म्याच्या आसपास चार्ज करून, काढून घरात कोरड्या जागी ठेवावी.