एका ब्राउझरात पान नीट, दुसऱ्यात विस्कटलेलं: दोष कसा शोधायचा

फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानाचं संकेतस्थळ मी सांभाळतो. जत्रेला आठ दिवस उरले असताना सचिवांचा फोन आला, "अरे, अभिषेकाची नोंदणी करायचं बटणच दिसत नाही." माझ्या लॅपटॉपवर क्रोममध्ये बटण जागच्या जागी होतं. त्यांच्या आयफोनवर मात्र सेवांची यादी दिसत होती, दराचा आकडा दिसत होता, आणि त्याच्याखाली काहीच नव्हतं. मुंबई-बेळगावातले महाजन, म्हणजे देवस्थानाचे वंशपरंपरेने आलेले सभासद, याच पानावरून सेवा नोंदवतात, म्हणून त्या रात्री बसून दोष शोधला. तो शोधताना जो क्रम पाळला, तोच इथे देतो.

कोडला लगेच हात लावू नका. आधी समोरच्याकडून तीन गोष्टी मागवा: फोन किंवा संगणक कुठला, ब्राउझर कुठला आणि त्याची आवृत्ती कुठली, आणि पूर्ण पडद्याचा स्क्रीनशॉट. स्क्रीनशॉट कापलेला नको, पत्त्याची पट्टी त्यात दिसायलाच हवी. आमच्या बाबतीत अर्धं उत्तर त्या पट्टीतच होतं.

मग तेच पान त्याच ब्राउझरच्या खाजगी विंडोत उघडायला सांगा. तिथे नीट दिसलं तर पानात दोष नाही. जुनी साठवलेली प्रत तरी आड येतेय, नाहीतर जाहिराती अडवणारं एखादं एक्स्टेन्शन. संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकत्र दाबलं की पान नव्याने उतरतं. कंट्रोल आणि शून्य दाबलं की झूम मूळ मापावर येतो. ब्राउझर प्रत्येक साइटचा झूम वेगळा लक्षात ठेवतो, त्यामुळे कधीतरी चुकून वाढवलेला झूम महिनोन्‌महिने तसाच राहतो. या दोन कळांनी बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात.

एवढं करूनही फरक राहिला, तर इंजिन ओळखा. ब्राउझरांची नावं पुष्कळ असली तरी पान रंगवणारी मुख्य इंजिनं तीनच आहेत. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह आणि सॅमसंगचा ब्राउझर ब्लिंकवर चालतात, फायरफॉक्स गेकोवर, सफारी वेबकिटवर. एज २०२०च्या जानेवारीत ब्लिंककडे आला, तेव्हापासून क्रोममध्ये तपासून पुन्हा एजमध्ये तपासण्याने फारसं काही कळत नाही. आयफोनवरचा क्रोमही आतून वेबकिटच असतो. युरोपीय संघात २०२४पासून ॲपलने दुसऱ्या इंजिनांना वाट दिली, पण आपल्याकडच्या आयफोनवर अजून वेबकिटच. म्हणून "आयफोनवर क्रोममध्येही तसंच दिसतं" असं कोणी सांगितलं, तर दोष वेबकिटपाशी शोधायचा. विंडोजसाठी सफारी २०१२नंतर निघालेला नाही, तेव्हा घरातल्या किंवा शेजारच्या कोणाचा आयफोन दहा मिनिटं मागून घेणं हाच सोपा मार्ग.

आता पानाच्या कोडचा वरचा भाग बघा. पहिल्याच ओळीत डॉकटाइप, म्हणजे पान कुठल्या नियमांनी वाचायचं ते सांगणारी खूण, आहे ना? तो नसेल तर ब्राउझर पान जुन्या काळच्या ढिल्या नियमांनी, म्हणजे क्वर्क्स मोडमध्ये, वाचतो आणि मापं बदलतात. अक्षरं कुठल्या पद्धतीने साठवली ते सांगणारी युटीएफ-८ची घोषणा आणि मोबाइलसाठी व्ह्यूपोर्टची ओळही तिथेच असायला हवी. व्ह्यूपोर्ट राहून गेला तर फोन पान संगणकाच्या रुंदीने मांडतो आणि मग आक्रसून दाखवतो.

यानंतरची पायरी वेळखाऊ आहे, पण ती टाळू नका. पानाच्या कोडची प्रत काढा आणि तिच्यातला अर्धा मजकूर उडवा. दोष राहिला तर उरलेल्या भागाचा पुन्हा अर्धा उडवा. गेला तर उडवलेला परत आणा आणि दुसरा अर्धा काढा. असं करत दहा-पंधरा ओळींवर या. एका वेळी एकच बदल करा. दोन बदल एकदम केले की कशाने काय झालं ते कळत नाही. आमच्या पानाच्या सहाव्या फेरीत एक चौकट उरली: उंची १०० व्हीएच, आत सरकणारी यादी, तळाशी बटण.

व्हीएच म्हणजे दिसणाऱ्या पडद्याच्या उंचीचा शंभरावा भाग. आयफोनवरचा सफारी मात्र तळाशी असलेली पत्त्याची पट्टी आक्रसल्यावर जेवढी जागा मिळते, ती पूर्ण उंची धरतो. पट्टी उघडी असताना चौकटीचा तळ तिच्याखाली जातो. बटण तिथेच होतं, पट्टीने झाकलेलं. यावर डीव्हीएच हे माप आलं आहे, ते पट्टीच्या हालचालीप्रमाणे बदलतं. सफारीत ते १५.४पासून, म्हणजे २०२२च्या मार्चपासून चालतं. मी १०० व्हीएचची ओळ तशीच ठेवली आणि तिच्याखाली १०० डीव्हीएचची ओळ लिहिली. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडमध्ये, न कळलेली ओळ ब्राउझर मुकाट सोडून देतो. त्यामुळे जुना फोन पहिली ओळ घेतो, नवा दुसरी. ब्राउझरचं नाव ओळखून प्रत्येकासाठी वेगळं कोड लिहिण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी भरवशाचा. ब्राउझरांची नावं आणि आवृत्त्या बदलत राहतात, त्यांच्यावर टेकलेलं कोड पुढच्या वर्षी मोडतं.

संगणकावर एफ-१२ दाबून इन्स्पेक्टर, म्हणजे पानाचं कोड दाखवणारी ब्राउझरची खिडकी, उघडला की न कळलेल्या ओळीवर काट आणि शेजारी इशाऱ्याची खूण दिसते. ज्या ब्राउझरात पान बिघडलंय, त्याच्यातच हे बघा.

नेहमी सापडणारे आणखी काही दोष सांगतो. फ्लेक्स या सीएसएस मांडणीतला गॅप, म्हणजे घटकांमधलं अंतर, सफारीत १४.१पासूनच चालतो, म्हणून जुन्या आयफोनवर बटणं एकमेकांना चिकटतात. फॉर्मच्या रकान्यातली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान असली, तर रकान्यावर टेकताच आयफोन पान मोठं करतो. रुंदी १०० व्हीडब्ल्यू, म्हणजे खिडकीच्या पूर्ण रुंदीएवढी, दिली की विंडोजवर स्क्रोलपट्टीची जागाही तिच्यात धरली जाते आणि पान आडवं सरकायला लागतं. तारीख आणि वेळ यांच्यात नुसती मोकळी जागा सोडून लिहिलं, तर जुना सफारी ती तारीखच मानत नाही. मध्ये रोमन टी घातला की मानतो.

मराठी पानांचे दोष मात्र इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शकांत फारसे सापडत नाहीत, म्हणून ते जरा सविस्तर. तुम्ही फाँट नेमला नाही तर विंडोजवर निर्मला, आयफोनवर कोहिनूर, अँड्रॉइडवर नोटो येतो. प्रत्येकाची उंची वेगळी. जत्रेतल्या नाटकाच्या जाहिरातीत मी 'कीर्ती' हा शब्द मोठ्या अक्षरांत घेतला होता. ओळीची उंची १.१ आणि चौकटीबाहेरचं सगळं लपवलेलं. एका फोनवर रफार आणि दुसरी वेलांटी वरून सपाट कापली गेली. देवनागरी मथळ्याला मी आता १.४च्या खाली जात नाही. अक्षरांतलं अंतर वाढवण्याची इंग्रजी मथळ्यांची पद्धतही मराठीला लावू नका, शिरोरेषा अक्षरागणिक तुटते. पानाची भाषा एमआर अशी घोषित करा. फाँटमध्ये मराठी वळण असेल तर ल आणि श आपल्या सवयीचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे.

पत्रिकेचा मजकूर डीटीपीवाल्याच्या जुन्या फाइलीतून थेट चिकटवत असाल तर थांबा. जुन्या फाँटांत अक्षरं मुळात रोमन असतात, मराठी रूप फक्त फाँट देतो. त्याच्या संगणकावर 'श्री' दिसतं, भाविकाच्या फोनवर चिन्हांची रांग. मजकूर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या उपकरणांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदला आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, कारण रूपांतरात ती हमखास निसटतात.

दुरुस्ती झाली की तिन्ही इंजिनांत पान पुन्हा बघा, आणि ज्याच्याकडून तक्रार आली त्याच्याच फोनवर शेवटी. सचिवांना मी दुवा पाठवला आणि पत्त्याची पट्टी उघडी असतानाच स्क्रीनशॉट काढायला सांगितलं. तो आला तेव्हा बटण पट्टीच्या बोटभर वर होतं.