बोन स्कॅनवरचा प्रत्येक काळा ठिपका कर्करोगाचा नसतो : या चुका टाळा

इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या माझ्या आत्याच्या स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपून तीन वर्षे झाली होती. पाठ दुखू लागली म्हणून तिचा बोन स्कॅन काढला, तर फिल्मवर डाव्या बाजूच्या तीन लागोपाठ बरगड्यांवर, एकाखाली एक, ओळंबा लावल्यासारखे तीन काळे ठिपके होते. त्या रात्री घरात चूल पेटली नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी फिल्म पाहून एवढेच विचारले, “काकू, अलीकडे कुठे पडला होतात का?” दीड महिन्यापूर्वी न्हाणीघराच्या उंबरठ्यावर आपण घसरलो होतो, हे आत्याने तेव्हा प्रथम सांगितले. सीटी स्कॅनमध्ये त्याच जागी भरून येत असलेली मोड दिसली.

आमची चूक ही होती की, बोन स्कॅन कर्करोगच दाखवतो असे आम्ही धरून चाललो होतो. या तपासणीत टेक्नेशियम-९९एम हा किरणोत्सारी पदार्थ जोडलेले औषध शिरेतून देतात आणि जिथे नवे हाड घडत असते तिथे ते अधिक साठते. गाठीभोवती हाड नव्याने घडते, तसेच ते संधिवातात, जुन्या दुखापतीत, दात काढलेल्या जागी आणि बदललेल्या गुडघ्याभोवतीही घडते. म्हणून पडणे, शस्त्रक्रिया, दातांचे उपचार यांची माहिती, कोणी विचारो वा न विचारो, इंजेक्शनच्या आधीच सांगावी. याच्या उलट मायलोमासारखा रोग (अस्थिमज्जेतील पेशींचा कर्करोग) हाड नुसते पोखरतो, त्यामुळे रोग असूनही बोन स्कॅन स्वच्छ येऊ शकतो. साध्या एक्स-रेवरही फार विसंबू नये, कारण हाडातील ३० ते ५० टक्के खनिज गेल्याखेरीज त्यावर पोकळी सहसा दिसत नाही.

दुसरा घोटाळा पथ्याचा. बोन स्कॅनसाठी उपाशी राहावे लागत नाही. उलट इंजेक्शननंतर फोटो काढेपर्यंतच्या दोन ते चार तासांत भरपूर पाणी प्यावे आणि फोटोच्या अगदी आधी लघवीला जाऊन यावे, कारण भरलेल्या मूत्राशयामुळे कटीची हाडे झाकली जातात. पेट-सीटी या दुसऱ्या स्कॅनचे पथ्य मात्र वेगळे आहे. त्यात साखरेसारखे किरणोत्सारी औषध देतात, म्हणून चार ते सहा तास पाण्याशिवाय पोटात काहीही नको. आपल्या इंदुरात सकाळ पोहे-जिलेबीशिवाय उजाडत नाही, आणि “दोन घास खाऊन निघू” या मायेपोटी केलेल्या आग्रहाने तपासणी वाया जाऊ शकते. रक्तातील साखर २०० मिग्रॅ/डेसिलिटरच्या वर असेल तर बहुधा तारीखच पुढे ढकलतात, आणि इन्सुलिन ऐनवेळी घेतले तर औषध स्नायूंत शिरते; मधुमेह्यांनी गोळ्या आणि इन्सुलिनच्या वेळा आदल्या दिवशीच विचारून घ्याव्यात. आदल्या दिवशी व्यायामही टाळावा. वेळ चुकवू नये, कारण या औषधातील फ्लोरीन-१८ची शक्ती दर ११० मिनिटांनी निम्मी होते.

उपचार सुरू झाल्यावर पहिल्या तीन महिन्यांत काढलेल्या बोन स्कॅनवर ठिपके अधिक गडद झालेले, क्वचित नवेही दिसतात. पुष्कळदा ते हाड भरून येत असल्याचे लक्षण असते, तेव्हा एवढ्यावरून औषध बंद करण्याचा हट्ट धरू नये. केमोनंतर पांढऱ्या पेशी वाढवण्याचे इंजेक्शन घेतले असेल, तर पेट-सीटीत सगळा अस्थिमज्जा उजळतो. त्या इंजेक्शनची तारीख फाईलवर लिहून न्यावी. जुन्या तपासण्यांचे नुसते रिपोर्ट नेऊन भागत नाही, सीडीही न्यावी. प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या रुग्णांनी पीएसएमए पेट (प्रोस्टेटच्या कर्करोगपेशींना चिकटणारे औषध देऊन काढलेला पेट स्कॅन) लागेल का, हे डॉक्टरांना विचारावे. नेहमीच्या पेटमध्ये त्या रोगाचे डाग बऱ्याचदा निसटतात.

शेवटची चूक सर्वांत महाग पडते, ती म्हणजे तारखेची वाट पाहत बसणे. कर्करोगाच्या रुग्णाच्या पाठदुखीबरोबर पायांतील जोर कमी झाला, कमरेखाली बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर मणक्यातील गाठ मज्जारज्जूला दाबत असू शकते. अशा वेळी बोन स्कॅनचा नंबर पुढच्या आठवड्यात आहे म्हणून थांबू नये. त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात जाऊन संपूर्ण मणक्याचा एमआरआय करण्याविषयी बोलावे. रुग्ण चालत असतानाच उपचार सुरू झाले, तर तो पुढेही चालता राहण्याची शक्यता खूप मोठी असते. पाय एकदा गेले की ते परत मिळणे फार कठीण असते.