वर्कलोड कमी झालाय, हे सहकाऱ्याला कसं सांगावं?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आखलेला अभ्यासक्रम महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून प्रथम वर्षाला सुरू झाला आणि तिथून एकेक वर्ष वर सरकू लागला. दर वर्षी कुणाचा तरी पेपर, म्हणजे शिकवायचा विषय जातो, कुणाचे तास, म्हणजेच वर्कलोड घटतो. हे सांगायचं काम विभागप्रमुखाचं असतं. पण बरेच जण ते वेळापत्रकावर सोडून देतात. ग्रुपवर पीडीएफ पडते आणि वीस वर्षं भाषाविज्ञान शिकवणाऱ्या मॅडमना आपला पेपर गेल्याचं सगळ्यांबरोबरच कळतं. माणसं दुखावतात ती इथे. पेपर जाण्यापेक्षा तो असा कळणं जास्त लागतं.

आधी हिशेब करा. बोलायला जाण्यापूर्वी तासांचा तक्ता स्वतः मांडा. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सत्राला पंधरा तास. त्यामुळे चार क्रेडिटचा पेपर दोनवर आला की आठवड्याचे दोन तास गेले. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांनुसार पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन आहे, सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकांना १४. समोरच्याचे किती भरतात, किती कमी पडतात आणि ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेचा ऐच्छिक विषय), कौशल्याचे पेपर किंवा मायनर (मुख्य विषयासोबतचा दुय्यम विषय) यांतून किती भरून निघू शकतात, हे आकड्यांत लिहून न्या. "बघू, काहीतरी करू" असं बोलून कुणाची भीती कमी होत नाही.

आपल्या हातात काय आहे, ते वेगळं काढा. पेपरची रचना विद्यापीठाचं अभ्यास मंडळ ठरवतं, वर्कलोडची तपासणी उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयातून होते. कोणता पेपर कुणाला द्यायचा आणि तास कोणत्या वेळेला लावायचे, यात मात्र विभागाला वाव असतो. हे तीन भाग सरळ सांगा. सगळं वरून आलंय म्हणून हात झटकलेत, की पुढच्या वेळी तुमच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

भेट एकट्यात, वेळापत्रक लागण्याआधी. स्टाफरूममध्ये नको, दोन तासांच्या मधल्या दहा मिनिटांत तर नकोच. पहिल्या दोन वाक्यांत बातमी द्या: "मॅडम, पुढच्या सत्रात भाषाविज्ञानाचा पेपर नाही. तुमचे चार तास कमी होतात, त्याबद्दल बोलायला बसलोय." मग थांबा. त्या चिडतील, अभ्यास मंडळाला नावं ठेवतील, कदाचित गप्प बसतील. लगेच धोरणाचे फायदे सांगू नका. ज्यांनी त्या पेपरच्या नोट्स दर वर्षी नव्याने काढल्या, त्यांना हळहळायचा हक्क आहे. पर्याय मांडायचे ते त्यानंतर, आणि "हा पेपर घ्या" म्हणण्याऐवजी "या दोनांपैकी तुम्हाला कोणता जमेल?" असं विचारून. नव्या पेपरच्या तयारीला वेळ लागतो. त्या सत्रात परीक्षेचं किंवा नॅकच्या (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या) फायलींचं काम त्यांच्यावर टाकू नका, आणि तसा शब्द तिथेच द्या.

तासिका तत्त्वावरच्या (सीएचबी, म्हणजे क्लॉक अवर बेसिस) सहकाऱ्यांना सगळ्यात आधी सांगा. कायम प्राध्यापकाचा तास गेला तरी पगार येतो. सीएचबीवाल्यांना मानधन तासावर मिळतं, म्हणजे तास गेला की घरखर्चातली रक्कम गेली. यातले कित्येक जण नेट-सेट, पीएचडी झालेले, दोन महाविद्यालयांत धावणारे असतात. त्यांना उन्हाळी सुट्टीतच कळलं तर दुसरीकडे मुलाखत देता येते; जुलैत कळलं तर जागा भरलेल्या असतात. आकडा पक्का नसला तरी "सर, तास कमी होण्याची शक्यता बरीच आहे, दुसरीकडे अर्ज करून ठेवा" एवढं स्पष्ट सांगा. आशेवर ठेवणं हा इथे अन्याय आहे. अनुभवाचं प्रमाणपत्र मागायला लावू नका, स्वतःहून तयार करून घ्या.

बोलणं कागदावर आणा. त्याच दिवशी चार ओळींचं टिपण त्यांना पाठवा: काय ठरलं, काय प्राचार्यांकडे न्यायचं, कधीपर्यंत. वाटप अन्यायाचं वाटलं तर लेखी हरकत घेता येते आणि २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात तक्रार निवारण समितीची तरतूद आहे, हेही तुम्हीच सांगा. मार्ग दाखवल्याने भांडण वाढत नाही.

विभागाची बैठक यानंतर घ्या. तिथे पूर्ण तक्ता सगळ्यांसमोर ठेवा, तुमच्या स्वतःच्या तासांसकट. सकाळी सातचा तास दर वर्षी एकाच व्यक्तीच्या वाट्याला येत असेल, तर तो बदलायची हीच वेळ आहे.